चौघं उरले की चौथा मीच

वाचकाचं पत्र

गुरुजी, नमस्कार जी. आम्ही गावातले नऊ जण दर पंधरवड्याच्या शनिवारी पोकरची लहानशी स्पर्धा खेळतो. जागा म्हणजे मित्राच्या कृषी केंद्राची मागची खोली, बसायला सरकी ढेपेची पोती. पैसे अजिबात नाहीत. प्रत्येकाला 2,000 च्या चिप्स, ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच पाळीनं दोघांनी भरायच्या चिप्स, एक लहान आणि एक मोठा) 25-50 पासून सुरू, दर 20 मिनिटांनी वाढतात. पहिल्या तिघांना 50, 30, 20 गुण मिळतात, ते वहीत लिहितो आणि दिवाळीला बेरीज मारतो. चौथ्याला काहीच नाही, वरून सगळ्यांचा चहा त्यानं करायचा. यंदा 14 वेळा खेळलो, त्यात 8 वेळा चहा मीच केला. नऊ जण असले की मी कोणाला ऐकत नाही, पण चौघं उरले का पत्तेच येत नाहीत.

मागच्या शनिवारचं सांगतो. ब्लाइंड 150-300. माझ्याकडे 3,300, डावीकडच्या मेडिकलवाल्याकडे 4,500, समोरच्या मास्तरकडे 2,200, उजवीकडच्या ट्रॅक्टरवाल्याकडे 8,000. मी बिग ब्लाइंडला, म्हणजे मोठा ब्लाइंड भरायच्या जागी होतो. दोघांनी पॅक केलं, ट्रॅक्टरवाल्यानं स्मॉल, म्हणजे लहान ब्लाइंडवरून सगळ्या चिप्स मधे ढकलल्या. माझ्याकडे राजा-गुलाम, वेगवेगळ्या रंगांचे. इतक्या वेळानं चित्रं दिसली म्हणून कॉल केलं, म्हणजे मीही सगळं लावलं. त्याची एक्का-छक्की निघाली, मधे सगळ्यांसाठी उघडतात त्या पाच पानांत मला काही लागलं नाही, मी स्टोव्ह पेटवला. त्याच्या आधीच्या फेरीत मी स्मॉल ब्लाइंडवर असताना एक्का-पंजी आली होती. दोघं सोडून गेले होते, पण किकर, म्हणजे एक्क्यासोबतचं दुसरं पान, लहान म्हणून मीही टाकली. एरवी रेज करायचं, म्हणजे बोली वाढवायची, तर मी बिग ब्लाइंडच्या चौपट करतो, म्हणजे कोणी मागं लागत नाही.

माझं नशीब खराब आहे का खेळ? एक मित्र म्हणतो का पोळ्यापासून 500-500 रुपये लावू, मग सगळे नीट खेळतील. आणि लाईन गेली तर ब्लाइंडचं घड्याळ थांबवायचं का चालू ठेवायचं? यावर दर वेळी भांडण होते.

चौथा, दारव्हा तालुका

उत्तर

चौथे भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: खेळ. चौदा वेळांत दोन-तीनदा नशिबानं दगा दिला असं मी मान्य करीन, आठदा नाही. तुम्ही लिहिलेले दोन्ही डाव मी वहीच्या पानावर मांडून पाहिले आणि मला हसू आलं, कारण दोन्ही उलटे झालेत. जे टाकायचे ते पत्ते खेळलात आणि जे खेळायचे ते टाकलेत. त्यातही बरं असं की दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. नऊ जणांत बसून लागलेली सवय तुम्ही चौघांत घेऊन येता.

आधी ब्लाइंडचं बघू. रानडुकरांपायी वावरात जागलीला जावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेजारचे नऊ जण मिळून पाळी लावतात तेव्हा नवव्या रात्री तुमची झोप मोडते. पाच जणांनी अंग काढून घेतलं की दर चौथ्या रात्री तुम्ही मचाणावर. वावर तेवढंच, डुकरं तेवढीच, तुमच्या डोळ्यांखाली मात्र काळं. ब्लाइंडही जागलीसारखेच असतात. 150-300 ला एका फेरीत तुमच्या खिशातून 450 जातात. नऊ जण असते तर 3,300 मध्ये काहीही न खेळता 66 डाव बसून राहता आलं असतं. चौघांत त्याच 3,300 चे 29 डाव होतात. तेही ब्लाइंड वाढले नाहीत तर. हातानं पत्ते पिसून 20 मिनिटांत दहा-बारा डाव होतात असा माझा अनुभव, म्हणजे 29 डाव संपायच्या आत ब्लाइंड दोनदा वाढणार.

आता बघा, तुम्ही ज्याची वाट पाहत होता ते कितीदा येतं. दोन पत्त्यांच्या एकूण जोड्या होतात 1,326. गुलामांची जोडी किंवा तिच्याहून मोठी आणि एक्का-राजा, एवढेच चांगले पत्ते धरले तर त्या 1,326 पैकी 40 भरतात. सरासरी 33 डावांत एकदा. पदरी दाणे 29 डावांचे आणि पीक तेहतिसाव्या डावाला. ‘पत्तेच येत नाहीत’ म्हणता ते खरंच आहे. ते कोणालाच येत नाहीत, ट्रॅक्टरवाल्यालासुद्धा. तो फक्त वाट बघत नाही.

शिल्लक चिप्सना एका फेरीच्या खर्चानं भागायची पद्धत पॉल मॅग्रिएल यांच्या नावानं ओळखली जाते. गणित शिकवणारा माणूस, बॅकगॅमन या फाशांच्या पटखेळाचा 1978 चा जगज्जेता. त्यांच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून त्या आकड्याला ‘एम’ म्हणतात. तुमचा एम 7.3 होता. पण हा आकडा भरल्या टेबलाला धरून सांगतो. माणसं कमी असली की त्याला माणसांच्या संख्येनं गुणून दहानं भागायचं, मग तुमचा खरा एम तीनच्याही खाली येतो. भागाकार नको वाटला तर एवढंच करा: प्रत्येक डाव वाटायच्या आधी टेबलावरची डोकी मोजा. मी वर्गात हजेरी घ्यायचो तशी.

डोकी कमी झाली की पत्त्यांची किंमतही बदलते. तुमच्या हातात एक्का नाही आणि समोर आठ जण आहेत, तर त्यांच्यापैकी कोणाकडे तरी एक्का असण्याची शक्यता 80 टक्के असते. समोर तिघंच असतील तर ती 41 टक्क्यांवर येते, दोघं असतील तर 29 वर. नऊ जणांत एक्का-पंजी म्हणजे उंदराचा सापळा आहे, कारण एक्का लागला तरी दुसऱ्याचा किकर मोठा निघतो. चौघांत तीच एक्का-पंजी चांगली जाडजूड वस्तू आहे. आणि तुमच्या त्या डावात तर दोघं आधीच सोडून गेले होते. समोर एकटा मेडिकलवाला. एकास एक असताना राणी-सत्ती हा अगदी मधला हात मानतात: न बघता उचललेल्या कुठल्याही दोन पत्त्यांसमोर निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकणारा. एक्का-पंजी त्याच्या बरीच वर बसते.

स्मॉल ब्लाइंडवर तुमच्याकडे दहा-अकरा बिग ब्लाइंड शिल्लक असताना आणि समोर फक्त बिग ब्लाइंडवाला उरलेला असताना, नुसत्या चिप्सचा हिशोब धरला तर कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, कुठलाही राजा ढकलायचा असतो. मिळणाऱ्या पत्त्यांपैकी निम्म्याहून जास्त. हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल. पण ढकलणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात: समोरचा पॅक करील, नाहीतर पत्ते उघडल्यावर आपण जिंकू. कॉल करणाऱ्याला एकच वाट, पत्ते उघडणं. तुम्ही एक्का-पंजीला दोन वाटा होत्या तेव्हा टाकलं आणि राजा-गुलामाला एक वाट होती तेव्हा खेळलात.

शिवाय मेडिकलवाल्याच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं असतं तेही बघा. त्याच्याकडे 4,500, तुम्ही 3,300 ढकलता. तो कॉल करून हरला तर त्याच्याकडे 1,200 उरतात, मास्तरपेक्षाही कमी, आणि चहाच्या स्टोव्हच्या सगळ्यांत जवळ तोच. गुणांच्या हिशोबानं त्याला कॉल परवडायला 55 टक्क्यांच्या वर जिंकण्याची खात्री लागते. तुम्ही ढकलत असलेल्या रुंद पत्त्यांसमोरसुद्धा एवढी खात्री थोड्याच हातांना असते. म्हणून टेबलावर तुमच्या ढकलण्याला सगळ्यांत जास्त भिणारा माणूस तोच, आणि तो तुमच्या डाव्या हाताला बसलाय. दर वेळी तुमचा स्मॉल ब्लाइंड आला की त्याचा बिग ब्लाइंड. असं बसायला मिळणं म्हणजे धुऱ्याला लागून विहीर.

आता राजा-गुलाम. इथं थोडं सावकाश वाचा, कारण माझ्या मते तुमच्या आठ चहांपैकी निदान पाच इथं उकळलेत.

चिप्स आणि गुण ही दोन वेगळी नाणी आहेत. सोपं उदाहरण घेऊ. चौघांकडे सारख्या 4,500 चिप्स आहेत. 50-30-20 मिळून 100 गुण वाटायचे, तर प्रत्येकाचा वाटा 25. दोघं भिडले, एकानं दुसऱ्याला घरी पाठवलं, त्याच्याकडे 9,000 झाल्या. चिप्स दुप्पट, मग गुणही 50 व्हायला हवेत ना? होत नाहीत. 38 होतात. उरलेले दोघं, ज्यांनी पत्त्याला हातही लावला नाही, ते बसल्या जागी 25 वरून जवळपास 31 वर जातात. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, आणि इथं तर चौथ्याचाही. म्हणून चौघं उरलेले असताना सारख्या चिप्सवाल्यासमोर सगळं लावायचं तर 50 टक्के पुरत नाहीत, 65 लागतात.

हे 38 आले कुठून? पहिलं येण्याची शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला आपला वाटा. मग एकेकाला पहिला धरून बाजूला काढायचं, उरलेल्यांत पुन्हा वाटा मोजायचा, ती दुसऱ्या नंबरची शक्यता. तिसऱ्यासाठी पुन्हा तेच. पोकरवाले याला आयसीएम म्हणतात. सातवीच्या पोराला जमेल असं गणित, फक्त पान भरतं.

तुमच्या डावाचं पान मी भरलं. पॅक केलं असतं तर तुमच्याकडे 3,000 उरून तुमची किंमत 21 गुण होती. कॉल करून जिंकला असता तर 6,600 होऊन 32 गुण. हरलात तर शून्य आणि स्टोव्ह. 32 मिळवायला 21 लावायचे, म्हणजे 66 टक्के वेळा जिंकायला हवं. नुसत्या चिप्स मोजल्या तर 3,600 मिळवायला 3,000 घालायचे होते, त्याला 45 टक्के पुरले असते. तुम्ही मनात तोच हिशोब केला असणार. आता गंमत बघा. ट्रॅक्टरवाल्यानं पत्ते न बघताच ढकलले असते, अक्षरशः आंधळे, तरीही वेगळ्या रंगांचे राजा-गुलाम साधारण 61 टक्केच जिंकतात. 66 ला पोचतच नाहीत. त्याच्याकडे काय निघालं याला अर्थ नाही. दुर्री-सत्ती निघाली असती आणि तुम्ही जिंकला असता, तरी मी हेच लिहिलं असतं.

तिथं मास्तर 2,200 घेऊन बसला होता हे विसरू नका. तो तुमच्या आधी जाण्याची शक्यता तुमच्या 21 गुणांत मोजलेली आहे. मास्तरबद्दल माझ्या मनात काही नाही, मीही त्याच जातकुळीचा, पण तो टेबलावर आहे तोवर ट्रॅक्टरवाल्याशी कुस्ती धरायची नाही. मोठी जोडी आली तर गोष्ट वेगळी.

ट्रॅक्टरवाल्याचं मात्र कौतुक करा. त्यानं जे केलं तेच त्या जागेवर करायचं असतं. ज्याच्याकडे 8,000 आहेत त्याला कोणी एका डावात घरी पाठवू शकत नाही, आणि बाकी तिघांना तो पाठवू शकतो. पुढच्या वेळी ढीग तुमच्यासमोर आला की मागे टेकून बसू नका. तुमच्यासारखे दोन मधले आणि एक लहान समोर असेल तर मधल्यांवर दाब द्या. लहानाला थोडं सांभाळून, कारण त्याला गमावायला फारसं नसतं आणि तो चिडून कॉल करतो. मधले दोघं लहानाच्या जाण्याची वाट बघत पॅक करत राहतात.

थोडं मागे जाऊ. चौघं उरायच्या आधी, पाच-सहा जण असताना, तुमची ती चौपट रेज. ब्लाइंड 100-200 आहेत समजा. तुम्ही 800 टाकता, मिळवायला मधे 300. एवढ्यासाठी 73 टक्के वेळा सगळ्यांनी पॅक करायला हवं. तेच 400 टाकले तर 57 टक्क्यांत भागतं. ‘कोणी मागं लागत नाही’ हे खरं असेल, पण जो लागतो तो तुमच्याहून चांगले पत्ते घेऊनच लागतो, आणि तेव्हा तुमचा तिसरा-चौथा हिस्सा मधे पडलेला असतो. दुप्पट, फार तर सव्वादोनपट पुरे. आणि हे बटनवरून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरून, जास्त करा, कारण फ्लॉपनंतर, म्हणजे मधली पहिली तीन पानं उघडल्यावर, सगळे बोलून झाल्यावर तुम्ही बोलता. चौघांत बटन दर चौथ्या डावाला मिळतं, नवव्या नाही. जागलीची पाळी लवकर येते तशी ही मजाही लवकर येते. चिप्स दहा-बारा बिग ब्लाइंडच्या खाली आल्या की मात्र रेज करून मग पॅक करणं बंद. तेव्हा दोनच गोष्टी: ढकला किंवा टाका.

उलट बाजूनं, कोणी 400 केले, स्मॉल ब्लाइंडनं पॅक केलं आणि तुम्ही बिग ब्लाइंडला असाल, तर 200 भरून तुम्हाला 700 ची संधी मिळते. 22 टक्के जिंकलात तरी बरोबरी. त्यामुळे लागोपाठचे, एका रंगाचे पत्ते तिथं टाकू नका. मात्र हे हातात चिप्स भरपूर असताना, 3,300 असताना नाही.

फ्लॉपनंतरचं फार लिहीत नाही, कारण तुमच्या पत्रात फ्लॉपपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. जोडी नसलेले पत्ते फ्लॉपला तीनपैकी दोनदा कोरडे जातात, तुमचेही आणि समोरच्याचेही. दोघंच डावात असताना मधे 900 आहेत आणि तुम्ही 450 टाकले, तर तीनपैकी एकदा समोरच्यानं सोडलं की तुमचे पैसे वसूल. पैसे म्हणजे चिप्स. जीभ घसरली, त्यावर खाली येतोच.

तिघं उरले की 20 गुण पक्के झाले. इथून गिअर बदला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेलं तर दहा गुण वाढतात, दुसऱ्यावरून पहिल्यावर वीस. आता वाट बघण्यात फायदा उरला नाही, ढकलायला आणि कॉल करायला दोन्हींना हात मोकळा सोडा.

दोघं उरले की आधी ब्लाइंड बरोबर लावा. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या स्वतःच्या शिक्षकांच्या टोळक्यात आम्ही दोन वर्षं उलटं खेळत होतो. निवृत्त गणिताचा मास्तर मी, आणि मलाच कळलं नाही. दोघं असताना ज्याच्यासमोर बटन, तोच स्मॉल ब्लाइंड भरतो. फ्लॉपच्या आधी तो आधी बोलतो, फ्लॉपपासून पुढे शेवटी. आम्ही बटनवाल्याला बिग ब्लाइंड भरायला लावत होतो, म्हणजे एकाच माणसाला दोन्ही वेळा शेवटी बोलायचा मान. एका होळीला बाहेरगावचा पाहुणा खेळायला बसला, त्यानं हात जोडून विचारलं, “हे कुठले नियम म्हणायचे?” तेव्हा उजेड पडला. तिघांवरून दोघांवर येताना आणखी एक बघा: एकाच माणसाला लागोपाठ दोनदा बिग ब्लाइंड भरावा लागत असेल तर बटन एक जागा सरकवायचं.

सराव कसा करायचा विचारलं नाही, तरी सांगतो. सोयाबीन सोंगून झालं, दुपारी माणसं पोत्यांवर आडवी झाली की एकाला उठवा. चार जागा मांडा, 8,000, 4,500, 3,300, 2,200. दोन जागा तुमच्या, दोन त्याच्या. ब्लाइंड 150-300. प्रत्येक डाव एवढ्याच चिप्सनं नव्यानं सुरू करायचा, फ्लॉपच्या आधी फक्त ढकला किंवा टाका, आणि बटन फिरवत राहायचं. तीस डाव तासाभरात होतात. वहीत तीनच गोष्टी लिहा: किती जण उरले होते, माझ्याआधी कोणी ढकललं होतं का, आणि माझे पत्ते. जिंकलो-हरलो लिहू नका, ते लिहिलं की डोकं तिकडेच जातं. महिन्याभरानं वही उघडा. ‘आधी कोणी ढकललेलं नाही’ या रकान्यात टाकलेले एक्के किती आणि ‘आधी ढकललेलं’ या रकान्यात केलेले कॉल किती, एवढं मोजलं की तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता तुमच्या मित्राचे 500 रुपये. नाही. विदर्भात पोळा आला की पत्त्यांचे डाव बसतात आणि मागोमाग पोलिसांच्या धाडी पडतात, हे दर वर्षी पेपरात असतं. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा 1887 चा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण पोकर त्यात बसतं की नाही हा वाद तुमच्या मित्राच्या कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत, ठाणेदारासमोर, ढेपेच्या पोत्यावर बसून सोडवायचा का? खत-बियाण्याचा परवाना त्याच्या नावावर आहे, त्याला विचारून बघा. मोबाइलवर पैसे लावून खेळायचं कोणी सुचवलं तर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं ते बंद झालंय, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. आणि पैसे लावले की माणसं नीट खेळतात हे मला पटत नाही. हप्ता भरायचा राहिलेला माणूस राजा-गुलामाला तुमच्याहून लवकर कॉल करील.

गंभीरपणा कमी पडतो असं वाटत असेल तर चहा वाढवा. चौथ्यानं चहा, पाचव्यानं पाटोडी. पाटोडी करायला तासभर लागतो, माणसं जपून खेळतील.

राहिलं घड्याळ. लाईन गेली की घड्याळ थांबवायचं. पत्ते पालथे, हात मांडीवर, चिप्सना कोणी शिवायचं नाही, आणि मोबाइलचा टॉर्च लागला की राहिलेल्या मिनिटांपासून पुढे. हा नियम डाव सुरू व्हायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून नऊ जणांच्या सह्या घ्या. कारण एकदा अंधार झाला की ज्याच्याकडे चिप्स कमी तो ‘थांबवा’ ओरडतो आणि ज्याच्याकडे ढीग तो ‘चालू द्या’. तुम्ही पत्रात कोणत्या बाजूनं भांडता ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे.